अकरा मे आणि पंधरा मे

दरवर्षी ११ मे आला की इन्स्टाग्रामवर एक चेहरा हमखास दिसतो. लांब जटा, मिटलेले डोळे, हातात गिटार. बॉब मार्ली. १९८१ मध्ये याच दिवशी तो गेला, वय अवघं ३६. हॉस्टेलच्या भिंतीवर तो असतो, टी-शर्टवर असतो, बुलेटच्या टाकीवर असतो. ज्यांनी त्याची दोन गाणीसुद्धा शेवटपर्यंत ऐकलेली नाहीत तेही त्या दिवशी स्टोरी टाकतात. टाकू देत, माझी काही तक्रार नाही. मलाही तो आवडतो.

मग चारच दिवसांनी १५ मे येतो. २००४ साली या दिवशी वामनदादा कर्डक गेले. त्या दिवशी माझ्या फोनचे सरळ दोन भाग पडतात. अल्लीपूरचे, त्यातही आमच्या वस्तीतले नंबर निळ्या रंगाचं स्टेटस ठेवतात, खाली हार घातलेला फोटो, वर ‘विनम्र अभिवादन’. आणि कॉलेजचे जेवढे ग्रुप आहेत तिथं शुकशुकाट. एका मैत्रिणीनं मागं विचारलं होतं, “हे कोण गं? तुझे आजोबा का?” ती काही वाईट नाही. मास कम्युनिकेशनला माझ्या शेजारी बसून तिनं ‘जगातलं प्रतिकाराचं संगीत’ या विषयावर चांगलं प्रेझेंटेशन दिलेलं आहे. त्यात जमैका होतं, चिली होतं, अमेरिकेतला हिपहॉप होता. महाराष्ट्र नव्हता.

एवढ्यावर मी लेख लिहिला नसता. पण डेस्कवर बसून मे महिन्याची दिनविशेषची यादी करताना मला दोन्ही तारखा एकाखाली एक दिसल्या आणि वाटलं, हे जरा बोलूनच टाकावं.

आधी रेगेबद्दल. आपल्याकडे रेगे म्हटलं की पहिलं आडनाव आठवतं, आणि वर्ध्याच्या माणसाला तर आठवायलाच पाहिजे. १९६९ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष पु. शि. रेगे होते. त्याच्या एकच वर्ष आधी, १९६८ मध्ये, तिकडं जमैकात टूट्स अँड द मेटल्स नावाच्या गटानं एका गाण्याच्या नावातच हा शब्द वापरला आणि त्या संगीताला नाव पडलं. विनोद सोडा. रूट्स रेगे म्हणजे त्या संगीतातली जी शाखा सत्तरच्या दशकात वाढली, जिचं लक्ष नाचापेक्षा बोलण्यावर होतं. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली पोरं. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. गाण्याचे विषय काय? गुलामी, भूक, पोलीस, परत मिळवायची माणुसकी, आणि एक माणूस: मार्कस गार्वी. गार्वी जमैकाच्या सेंट अ‍ॅन्स बे गावात १८८७ मध्ये जन्मला, काळ्या माणसांना ‘ताठ उभे राहा’ सांगत जग फिरला आणि १९४० मध्ये लंडनला वारला. त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी, १९७५ मध्ये, त्याच गावच्या बर्निंग स्पिअर या गायकानं अख्खा अल्बमच त्याच्या नावानं काढला. गार्वीची भाषणं किती लोकांनी वाचली असतील देव जाणे, पण गाण्यातून तो घराघरात गेला.

ओळखीचं वाटतंय ना?

१५ ऑगस्ट १९२२. नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यात देशवंडी नावाचं गाव आहे, तिथं वामन तबाजी कर्डक यांचा जन्म झाला. शाळा नाही. गुरं राखणं, मिळेल ते काम करणं. पुढं मुंबई, शिवडीची बीडीडी चाळ, गिरणी-कारखान्यातली मजुरी. असं सांगतात की, एकदा कोणीतरी त्यांच्याकडं पत्र वाचायला दिलं आणि वाचता येत नाही म्हणून या तरण्याबांड माणसाला रडू कोसळलं. मग चाळीतल्या देहलवी मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरं गिरवून घेतली, आणि पुढची शाळा म्हणजे मुंबईचा रस्ता. दुकानांच्या पाट्या वाचत, अक्षराला अक्षर जोडत ते वाचायला शिकले. १९४३ मध्ये पहिलं गीत लिहिलं. तेव्हा ते विशीत होते, म्हणजे आपल्याच वयाचे. ज्या माणसाला काही वर्षांपूर्वी पोस्टकार्ड वाचता येत नव्हतं तो कवी झाला आणि पुढची साठेक वर्षं थांबला नाही.

गाण्यांचा आकडा मी देणार नाही, कारण प्रत्येक जण वेगळा सांगतो आणि सगळे हजारांत सांगतात. पुस्तकं मात्र मोजता येतात. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’, आणि आत्मकथन ‘माझ्या जीवनाचं गाणं’. पण वामनदादा पुस्तकातून पोचलेच नाहीत. ते गावोगाव फिरून पोचले. गाडी मिळाली तर गाडीनं, नाही तर पायी. ज्या गावात कार्यक्रम तिथंच कुणाच्या तरी घरी मुक्काम, तिथंच जेवण, आणि कुणी गाणं मागितलं की वहीचं पान फाडून द्यायचं. अल्लीपूरचे एक आजोबा आहेत, आता ऐंशीच्या घरातले, पूर्वी भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांना मी म्हटलं की, आता सगळं यूट्यूबवर आहे. ते म्हणाले, “आमच्या येळंले यूट्यूब नोतं वं पोरी, पन गानं बरोबर पोचत होतं. एक जन आयकून आला का दुसऱ्या दिवशी साऱ्या वस्तीले पाठ.” किंग्स्टनला हेच काम साउंड सिस्टिमनं केलं. ज्यांच्या घरी ग्रामोफोन नव्हता, ज्यांची गाणी रेडिओवर लागत नव्हती, त्यांच्यासाठी कॉक्ससन डॉड, ड्यूक रीड अशा माणसांनी मोठाले स्पीकर रस्त्यावर आणले. त्या लोकांकडं वीज तरी होती. आपल्याकडं पेटी, ढोलकी आणि घसा.

गाण्यातून विचार पोचवायची ही वाट वामनदादांनी पाडलेली नाही, हेही सांगायला हवं. त्यांच्या आधी आंबेडकरी जलसे होते, त्यांच्या आधी सत्यशोधक जलसे होते. नाशिक भागातलेच भीमराव कर्डक जलसे करायचे. आडनाव सारखं म्हणून लोक घोटाळा करतात, पण ही दोन वेगळी माणसं. आपली दहा भाषणं आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचा, असं बाबासाहेब म्हणाल्याचं सांगितलं जातं, ते या भीमराव कर्डकांबद्दल. या जलशांवर, गाण्यांच्या स्वस्त पुस्तिकांवर गंभीरपणे लिहिणाऱ्या अभ्यासकांत पुण्याच्या प्रा. शर्मिला रेगे होत्या. (दुसऱ्या रेगे! मी मुद्दाम शोधत नव्हते.)

आता मला खरं ज्यावर भांडायचं आहे त्याकडे येते. भीमगीत म्हटलं की आपल्याकडची शिकलेली मंडळी दोन वाक्यं हमखास बोलतात. पहिलं: “चाली तर सिनेमाच्या असतात, चोरलेल्या.” दुसरं: “ते प्रचाराचं गाणं आहे, साहित्य नाही.”

पहिल्याचं उत्तर जमैकात आहे. तिथं ‘रिडिम’ नावाचा प्रकार असतो. म्हणजे ढोल, बेस आणि बाकी वाद्यांचा एक तयार साचा. त्या साच्यावर कोणीही आपले शब्द गायचे. १९६७ मध्ये स्टुडिओ वनमध्ये ‘रियल रॉक’ नावाचं एक वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित झालं. त्या एका साच्यावर आजवर शेकड्यांनी गाणी झाली. पुढचा गायक मागच्याशी जणू त्याच मैदानात कुस्ती खेळतो: तुझी चाल घेतो, बघ मी काय बोलतो. यावर परदेशी विद्यापीठांत पीएचडी होते. तिथं याला परंपरा म्हणतात. आणि आपल्या गायकानं लोकांच्या ओठावर आधीच असलेली सिनेमाची चाल घेऊन त्यात गावातल्या विहिरीचं, शाळेचं, मताच्या हक्काचं बोलणं भरलं की त्याला चोरी म्हणायचं? थोडा विचार करा. ज्याच्यासमोर बसलेल्या लोकांपैकी निम्म्यांना वाचता येत नाही, एकदाच ऐकून गाणं त्यांच्या लक्षात राहायला हवं, त्यानं कोणती चाल घ्यावी? जी त्यांना पाठ आहे ती. कीर्तनकार हेच करतात, गणपतीच्या मंडळातले मेळे हेच करायचे. तिथं आपण नाक मुरडत नाही.

शिवाय वामनदादांच्या सगळ्याच चाली उसन्या नाहीत. त्यांची लय ऐका. गझलेची बांधणी त्यांना येत होती, ओवी येत होती, पोवाडा येत होता. छंद कुठल्या पुस्तकात न वाचता हे कानानं शिकलेलं आहे.

दुसऱ्या वाक्याचं उत्तर द्यायला मी वर्ध्याचीच गोष्ट सांगते. १९९३ मध्ये पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं ते वर्ध्याला, आणि अध्यक्ष होते वामनदादा कर्डक. पाट्या वाचून शिकलेला माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष! ही केवढी मोठी बातमी आहे! आमच्या जिल्ह्यात घडलेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६वं मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात झालं, नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष होते. त्याच दिवसांत, त्याच शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. मी दोन्ही मांडवांत गेले होते. एकीकडे पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी, दुसरीकडे गाण्याला गर्दी. दोन्हीकडची गर्दी मला आवडली. पण वर्ध्यातच एक जनकवी अध्यक्षस्थानी बसला होता, ही गोष्ट मला माहीत झाली ती मात्र या दोन्हीपैकी कुठल्याच भाषणातून नाही, घरी काकांकडून. शाळेपासून पदवीपर्यंत मराठीचे जेवढे तास मी बसले त्यात वामनदादांचं नाव माझ्या कानावर आलं नाही. कवितेच्या परीक्षेत मी निसर्ग लिहिला, विरह लिहिला, देशभक्तीही लिहिली.

आणि ‘प्रचार’ म्हणणाऱ्यांनी निदान ऐकून तरी म्हणावं. उद्योगपतींची एकेक नावं घेऊन, एवढ्या संपत्तीत आमचा हिस्सा कुठं ठेवलाय असं हसत-हसत विचारणारं त्यांचं गाणं अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला लावता येईल. बाबासाहेबांच्या विचाराला जागणारी बोटांवर मोजण्याइतकी माणसं जरी निपजली असती तरी आज हे दिवस नसते, असं स्वतःच्याच लोकांना तोंडावर सुनावणारं त्यांचं गाणं आहे. प्रचारक आपल्या पक्षाला असं बोलत नाही.

मार्ली आपल्याला चालतो आणि वामनदादा का चालत नाहीत, याचं माझं उत्तर साधं आहे. मार्ली लांब आहे. जमैकातल्या मळेवाल्यानं कुणाला चाबकानं मारलं, तर त्या मळेवाल्याचा नातू आपल्या वर्गात बसलेला नसतो. त्या गाण्यातला राग आपल्या अंगावर येत नाही. उलट तो राग आपण टी-शर्टसारखा घालू शकतो. वामनदादांच्या गाण्यातली विहीर मात्र आपल्याच गावातली असते. कोणत्या बाजूला कोणाचं घर आहे हे गाणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. म्हणून ते ऐकताना अस्वस्थ वाटतं. आणि अस्वस्थ वाटलं की माणूस म्हणतो, “चाल चोरलेली आहे.”

हे फक्त आवडीनिवडीचं प्रकरण असतं तर सोडून दिलं असतं. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका नर्सिंगच्या विद्यार्थ्याचा खून झाला. तो लग्नासाठी आला होता. त्याच्या फोनची रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती, ती वाजली, आणि त्यावरून त्याला मारहाण झाली. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या घरात त्या आठवड्यात दोन फोनच्या रिंगटोन बदलल्या गेल्या. कोणी कोणाला सांगितलं नाही, बदलल्या गेल्या. माझ्या एका मित्राकडं मार्लीच्या गाण्याची रिंगटोन आहे, पोलिसांशी भिडण्यावरची. ती एसटीत वाजते, बाजारात वाजते, कोणी वळूनही बघत नाही. एकच काम करणारी दोन गाणी, पण एक वाजलं की लोक म्हणतात “भारी आहे रे”, आणि दुसरं वाजताना आपण आधी डब्यात कोण-कोण बसलंय ते बघून घेतो.

जरा दोन मरणांबद्दल बोलते, कारण रूट्स रेगेमधला माझा लाडका गायक मार्ली नाही. तो आहे जोसेफ हिल, ‘कल्चर’ या गटाचा. १९७७ च्या ‘टू सेव्हन्स क्लॅश’ या अल्बममुळे जाणकारांना माहीत, बाकी जगाला जवळजवळ अपरिचित. गार्वीनं केलेल्या भाकिताचा धागा धरून त्या अल्बमचं शीर्षकगीत बांधलेलं आहे. हिल आयुष्यभर गावोगावच्या छोट्या स्टेजांवर गात राहिला. ऑगस्ट २००६ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर असताना बर्लिनमध्ये तो अचानक गेला, ५७ व्या वर्षी. आणि दौरा थांबला नाही. त्याचा मुलगा केन्याटा हिल वडिलांच्या जागी उभा राहिला आणि उरलेले कार्यक्रम त्यानं पूर्ण केले.

त्यानंतर चार वर्षांनी, २६ नोव्हेंबर २०१० ला, संविधान दिनी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर लोकशाहीर विठ्ठल उमप गेले. व्यासपीठावरच कोसळले. १९५६ मध्ये जिथं लाखो लोकांनी धम्माची दीक्षा घेतली त्याच जागी. ज्यांचं ‘जांभूळ आख्यान’ बघितलेले लोक अजून त्याची गोष्ट सांगताना उभे राहतात, तो माणूस. त्यांची मुलंही आज गातात. बर्लिनची गोष्ट मला इंग्रजीत दहा ठिकाणी सापडली. वर्ध्याहून दीड-दोन तासांवर असलेल्या दीक्षाभूमीवर घडलेली गोष्ट माझ्या वर्गातल्या किती जणांना माहीत होती, ते मी हात वर करायला लावून विचारलं. पाच. आणि ते पाचही जण कुठले, हे मी न सांगताच तुम्हाला कळलं असेल.

विलास घोगरेंचं नावही इथं घ्यायलाच हवं. मुंबईतले शाहीर. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसं मेली. ते पाहून आलेल्या घोगरेंनी चारच दिवसांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धनांनी त्या धाग्यावरून चौदा वर्षं चित्रीकरण करून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट २०११ मध्ये पुरा केला. तीन तासांहून मोठा आहे. सुट्टी आहे, बघा. त्यात शाहिरी आहे, वस्त्या आहेत, आणि गाणं माणसाला कुठवर सावरू शकतं आणि कुठं हात टेकतं, हेही आहे.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूलाही बोलायची आहे, नाहीतर हे सगळं एकतर्फी होईल. १४ एप्रिलला अल्लीपुरात डीजे लागतो. छातीत धडधड होते, पोरं नाचतात, मीही नाचते. वयस्कर माणसं म्हणतात, डीजेनं वाटोळं केलं. मला तसं वाटत नाही. साउंड सिस्टिमशिवाय रेगे नसतंच. अडचण वेगळी आहे. त्या रिमिक्समध्ये पहिलं कडवं आणि धृपद दहादा वाजतं, आणि शेवटचं कडवं कापलेलं असतं. शेवटच्या कडव्यात काय असतं? कवीचं नाव! संतांनी अभंगाच्या शेवटी नाव गुंफायची जी रीत घातली तीच वामनदादांनी चालवली. ‘वामन’ हे नाव शेवटच्या ओळीत, अर्थाला धरून, काढायला गेलं तर ओळ मोडेल अशा बेतानं बसवलेलं. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचं नाव मुंगीएवढं, किंवा नाहीच. कॉपीराइट, मानधन, रॉयल्टी हे शब्द त्या माणसापर्यंत कितपत पोचले असतील? पण गाण्याच्या आतच त्यानं सही करून ठेवली. कोणी कितीही वेळा गायलं, कुठल्याही आवाजात गायलं, तरी शेवटी नाव येणारच. ही युक्ती कुठल्याही वकिलापेक्षा भारी होती. ती तीस सेकंदांच्या रीलनं हरवली. यूट्यूबवर वामनदादांची गाणी शोधा: ‘भीमगीत नॉनस्टॉप’, ‘जयंती स्पेशल’, ‘डीजे मिक्स’. खाली वर्णनात डीजेचं नाव असतं, त्याचा फोन नंबर असतो, बेस किती आहे ते असतं. गीतकार: रिकामं.

बायकांचंही एक राहिलं. मार्लीच्या मागं आय-थ्रीज नावाचा तिघींचा गट गायचा, रीटा मार्ली, मार्शिया ग्रिफिथ्स, ज्युडी मोवॅट. मोवॅटनं १९७९ मध्ये ‘ब्लॅक वुमन’ हा स्वतःचा अल्बम काढला. तोवर आणि त्यानंतरही रूट्स रेगेमध्ये बाई बहुतेक वेळा मागच्या रांगेतच राहिली. भीमगीतांतही रमाई आहे, पण ती बऱ्याचदा सोसणारी, त्याग करणारी. मला ती गाणी ऐकताना भरून येतं आणि रागही येतो. संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गायला लागल्या आणि मोबाइलवरून घराघरात पोचल्या, तेव्हा आमच्या वस्तीतल्या बायका पहिल्यांदा म्हणाल्या, “हे तर आपल्यासारखीच हाय.” हे वाक्य मी कुठल्याच पुरुष गायकाबद्दल ऐकलं नव्हतं. पुढचं गाणं इथूनच येईल असं मला वाटतं. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटानं २०१९ मध्ये आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. तसं काही आपल्या विदर्भात, वऱ्हाडीत, एखाद्या मुलीच्या आवाजात व्हायला काय हरकत आहे? साचा तयार आहे, शब्द हवेत.

मार्लीच्या देशानं काय केलं ते पाहा. सरकारी इतमामात त्याला निरोप दिला. फेब्रुवारी हा तिथं रेगेचा महिना म्हणून साजरा होतो. वेस्ट इंडीज विद्यापीठात रेगेच्या अभ्यासाचा वेगळा विभाग आहे. २०१८ मध्ये युनेस्कोनं रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हे सगळं आपोआप झालेलं नाही. सुरुवातीला तिथलेही बडे लोक या गाण्याला झोपडपट्टीचा गोंगाट म्हणून नाकं मुरडत होते. कुणीतरी रेकॉर्ड जपल्या, कुणीतरी मुलाखती घेतल्या, कुणीतरी तारखा लिहून ठेवल्या.

आपल्याकडं वामनदादांच्या शिष्यांनी, चाहत्यांनी वह्या गोळा केल्या, पुस्तकं काढली, ते काम मोठंच आहे. पण वस्तीवस्तीत जे पसरलंय ते कोण गोळा करणार? अल्लीपूरच्या त्या पेटीवाल्या आजोबांकडं एक लांबोडकी हिशेबाची वही आहे. अर्धी वही कापसाच्या हिशेबाची, किलो, भाव, उचल. उलटी करून मागून उघडली की गाणी. काही गाण्यांच्या शेवटी ‘वामन’ आहे. काहींच्या शेवटी दुसरीच नावं आहेत, जी मी कधी ऐकलेली नाहीत, बहुधा आजूबाजूच्या गावांतले गाणारे. काहींच्या शेवटी कुणाचंच नाव नाही. ती कोणाची, असं विचारलं तर ते म्हणाले, “आपलीच.” म्हणजे त्यांची स्वतःची, का वस्तीची, ते मला दोनदा विचारूनही कळलं नाही. मी प्रत्येक पानाचा फोटो घेतला. चाली मात्र फोटोत येत नाहीत, त्यासाठी त्यांना गाऊन दाखवावं लागेल आणि त्यांना सध्या खोकला आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत पुन्हा जाणार आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या गावात अशी वही, अशा कॅसेटी असतील तर हे करा. कॅसेट लगेच टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, फीत चिकटलेली असली तर तुटते. आधी हातानं, पेन्सिल घालून, हळूहळू एकदा पुढं-मागं फिरवून घ्या. वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, कारण नावं तिथंच असतात. गाणाऱ्याला मोबाइलसमोर बसवाल तर पंखा बंद करा. गाणं संपल्यावर लगेच थांबवू नका, ते कुठून आलं, कुणी शिकवलं, कुठल्या वर्षी, कोण वाजवायला होतं, हे त्याच दमात विचारा. आणि अपलोड करताना गीतकाराच्या रकान्यात नाव लिहा. माहीत नसेल तर शेवटचं कडवं नीट ऐका, बहुतेक वेळा तिथं सापडतं.